एक जूनची वैजंता

वैजंताची जन्मतारीख मी लिहिली, आणि ती खोटी आहे.

तेव्हा मी गावच्या शाळेत मास्तर होतो. तिचे आईवडील, बंकट आणि बायडाबाई, दसरा झाला की ऊस तोडायला जात. पहिलीत नाव असेल तरच पोराला गावच्या वसतिगृहात ठेवता येई, नाहीतर त्यांच्याबरोबर उसाच्या फडावर. वैजंताला सहा पूर्ण व्हायला आठ महिने कमी होते. मी रजिस्टरात एक जून दोन हजार लिहिलं. निम्म्या गावाचा जन्म आम्ही मास्तरांनी एक जूनलाच केलेला होता. त्यात आणखी एक. वाटलं, चांगलं काम झालं.

पोरगी शाळेच्या जड सायकलवर जिल्ह्याची रस्त्यावरची शर्यत जिंकली. पालीच्या धरणात पाणी उरलं नाही तेव्हा त्याच्या भेगाळलेल्या तळात तिने माउंटन बाइकचा सराव केला. पुण्याच्या तिरक्या वळणांच्या ट्रॅकवर पहिल्या वर्षी पडली, दुसऱ्या वर्षी पदक घेऊन आली. मग दूध संघाने तिला चांगली सायकल दिली, ज्युनिअर गटात असेपर्यंत वापरायला.

दोन हजार एकोणीसच्या निवड चाचणीत तिच्या कागदांवरचं दोन हजार साल बघून पंचांनी तिला सीनिअर बायकांत उभं केलं. खरं तर ज्युनिअरमध्ये तिचं अजून एक वर्ष होतं. ती सातवी आली. ज्युनिअरमध्ये जिंकलेल्या मुलीपेक्षा तिची वेळ चांगली होती.

आठवड्याने दूध संघाचा निरोप आला, सायकल जमा करा. मी चूक कबूल करणारा कागद चार वेळा खोडून लिहिला आणि तिच्याबरोबर गेलो. सचिव विठ्ठलरावांनी तो अर्धाच वाचला.

"गुरुजी, दुष्काळानं दूध निम्म्यावर आलंय, अन् तुमी मला वाढदिवस सांगता व्हय? दहावीच्या सनदेवर हाय तेच खरं."

मी कागद परत घेऊन खिशात ठेवला.

वैजंताने पाना मागितला. पेडल तिने बक्षिसातून घेतलेले होते. ते काढले, ओढणीत गुंडाळले, सायकल भिंतीला टेकवली.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, "काहून लिहिलं तसं?"

मी फडाचं सांगितलं, वसतिगृहाचं सांगितलं. ती ऐकत होती.

"तुमी लिहिलं नसतं तर मी आज कोयता घेऊन असते. समजतंय मला," ती म्हणाली. "पण राग जात न्हाई, गुरुजी. त्याचं काय करू?"

ती जीपच्या थांब्याकडे निघाली. बरोबरीने चालावं की मागे राहावं, मला ठरवता येईना. थांबा येईपर्यंत मी मागेच होतो.