कमरेचा ताईत

“पोर मांडीवर येस नही तवलगून हाऊ ताईत सोडू नको, बेटा.” सासूचा हा शब्द धनुबाईंनी पाळला आणि त्यांच्या पदरात भटू पडला. सासू गेली, पण तोच चांदीचा ताईत धनुबाईंनी आपल्या सुनेच्या, जसोदाच्या कमरेला बांधला.

अडतीस साली जसोदाचं पोट वाढू लागलं, तेव्हा म्हसावदच्या आळीत साखर वाटायचीच बाकी होती. पण अंग वाळत चाललं, संध्याकाळ झाली की कणकण. वायगोळा समजून धनुबाई रोज एरंडेलानं पोट चोळत राहिल्या. शेवटी भटूनं नंदुरबारला गाडी धरून दोघींना सुरतेला आणलं.

तिथले डॉक्टर पुण्याकडचे. त्यांना पोटाच्या क्षयाचा संशय होता. खडूसारखं पांढरं औषध पाजून ते आतड्यातून कसं सरकतं, याचे क्ष-किरणांनी फोटो काढायचे होते. अंगावर धातूचं काही ठेवू नका, असं नर्सबाईंनी बजावलं. धनुबाईंनी सुनेची जोडवी, बांगड्या काढल्या. ताईत मात्र लुगड्याच्या घडीत हळूच सरकवून दिला.

दुपारी डॉक्टरांनी फोटोची काच उजेडासमोर धरली. उजव्या ओटीपोटावर चौकोनी पांढरा डाग.

“जिथं पाहायचं, नेमकं तेच झाकलंय. कमरेला काय आहे?”

“मन्ही चूक शे, साहेब,” धनुबाई मान खाली घालून म्हणाल्या. “पोरनी नही.”

“औषध अजून तिथंच आहे, तोवर दुसरा फोटो घेऊ. पुन्हा सगळं करायची यांच्यात ताकद नाही.”

जसोदानं कमरेवर हात दाबून धरला. “नका सोडू, माय. मंग पोर नही व्हई.”

“तूच नही ऱ्हायनी ते पोर कोना मांडीवर येई?” धनुबाईंनी गाठ सोडली. “नवस मन्हा, बोलबी मन्हा. प्रकाशाना तीर्थले अनवाणी जासू, ताईत तापीमायले देसू.”

दुसऱ्या काचेवर स्पष्ट दिसलं. लहान आतडं मोठ्याला मिळतं तो कोपरा आक्रसून वर ओढला गेला होता; औषधाची धार तिथं सुतळीएवढी.

“क्षयच दिसतोय,” डॉक्टर म्हणाले. “बरं होण्याची हमी देत नाही. पण वेळेत कळलं. पोट चोळणं आजपासून बंद. सहा महिने पडून विश्रांती, कोवळं ऊन, दूध, अंडी.”

“अंडाबी?”

“अंडीसुद्धा.”

धनुबाईंनी क्षणभर डोळे मिटले. “गोठामा शिजाडसू.”

कितीतरी दिवसांनी जसोदा हसली.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी, सकाळी, धनुबाईंनी सुनेची बाज अंगणात उन्हाला सरकवली. उशाशी दुधाचा तांब्या ठेवला, भटूला तिच्याजवळ बसवलं. मग वहाणा उंबऱ्याच्या आत काढून, ताईत पदराच्या गाठीला बांधून, त्या प्रकाशाच्या वाटेला लागल्या.