पांढऱ्या कपड्यांतली रांग

सुरतेतल्या भेस्तानच्या लूम कारखान्याला दोन दिवस सुट्टी होती, म्हणून खानदेशातून आलेला भटू आणि त्याची बायको रंजना सिनेमाच्या शूटिंगला रोजावर गेले. इच्छापोरच्या पुढे खाडीकाठच्या खारट माळावर मिठाच्या सत्याग्रहाचा प्रसंग घ्यायचा होता. धिप्पाड भटूला इंग्रजांच्या पोलिसाची खाकी मिळाली. रंजनाला जखमींना उचलणाऱ्या बायकांचं पांढरं लुगडं.

लाठ्या स्पंजच्या होत्या. डायरेक्टरने समजावलं, "सत्याग्रही रांगेने येतील. तुम्ही मारायचं, ते पडतील. हात कोणी वर करणार नाही. एक रांग पडली की मागची पुढे येईल."

पहिली रांग आली. सगळे आसपासच्या चाळींतलेच. पडताना एकाला हसूसुद्धा आलं. पण तिच्यामागून आली त्या रांगेतलं कोणीच भटूच्या ओळखीचं नव्हतं. पोटऱ्यांवर चिखल वाळलेला, आणि एवढ्या वाऱ्यात एकाचाही सदरा हलत नव्हता. भटूने लाठी हाणली. नारळ फुटावा तसा आवाज झाला.

माणूस कोसळला. त्याच्या जागी दुसरा आला, हात खालीच. भटूला थांबायचं होतं, पण हात थांबेना. मागून डायरेक्टर खुशीत ओरडत होता, "बहु सरस! चालू राखो!"

पडलेल्यांतला एक म्हातारा उठला. कानातून रक्त वाहत होतं. पुन्हा समोर येऊन तो भटूला मायेने म्हणाला, "थाकी गयो, भाई? बेसी जा."

भटूच्या हातून लाठी गळाली. तो मटकन खाली बसला. रंजना धावत आली, पण नवऱ्याकडे नाही. पदर भिजवून ती म्हाताऱ्याचं डोकं पुसू लागली.

 घरी आल्यावर तिने आपल्या अहिराणीत विचारलं, "तो म्हातारा तुमले बी दिसना ना?"

"दिसना," त्याने होकारार्थी मान हलवली.

"मंग मारं कसाले?"

"तो हात मना नव्हता."

"मंग कोना व्हता?"

भटूने स्वतःचा उजवा हात उलटापालटा करून पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो जाणार नाही, असं रंजनाला वाटलं होतं. तो गेला, पण खाकी नको म्हणाला. ती शेजारच्या बळीरामने घातली. भटू सत्याग्रहींच्या रांगेत उभा राहिला.

रांग निघाली तसे दोन्ही बाजूंनी ओले, गार खांदे त्याला येऊन टेकले. त्याने वळून पाहिलं नाही. समोर बळीराम होता, रोज त्याच्यासोबत चहा पिणारा. पण डोळे भलत्याच कोणाचे होते. लाठी वर गेली. भटूचे हात आपोआप डोक्याकडे निघाले. निम्म्यावर त्याने ते थांबवले, खाली सोडले आणि पाऊल पुढे टाकलं.

लाठी स्पंजचीच होती, असं सगळे सांगतात. भटूच्या कपाळाला टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर बळीराम रडत होता. भटूने त्याचा उजवा हात आपल्या हातांत घेतला. हात अजून आपल्याच जोराने हिसके देत होता. हिसके थांबेपर्यंत भटूने तो सोडला नाही.