मातीने घेतलं नाही

सकाळी साडेआठला आळीतल्या पुरुषांनी तुस्कानोंची कबर उघडली. संध्याकाळी तिथे प्लासिड तुस्कानो यांच्या बायकोला, हेलनला, ठेवायचं होतं. आत प्लासिड यांची आई होती. अकरा वर्षांपूर्वी पुरलेली, आणि अजून आईच.

राजोडीच्या अलीकडच्या या ख्रिस्ती गावात दफनभूमी लहान, म्हणून एका घराण्याची माणसं एकाच कबरीत एकामागून एक जातात. जुनी हाडं निघाली की ती कोपऱ्यातल्या कोरड्या विहिरीत सोडायची आणि नव्या माणसाला जागा करून द्यायची. यात कोणाला काही वाटत नाही. पण या वेळी हाडं नव्हतीच. पेटीच्या फळ्या कुजून गेल्या होत्या, लाल लुगड्याचा रंग मात्र ओळखू येत होता, आणि त्यावर जोडलेले हात मेणासारखे पिवळट, नखांसकट.

ही बातमी घेऊन पुतण्या ॲलिस्टर धावत घरी आला तेव्हा प्लासिड सर हेलनला ठेवलेल्या बर्फाच्या पेटीशेजारी बसले होते. सरांनी कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं. जे सिद्ध होत नाही त्याच्यापुढे गुडघे टेकायचे नाहीत, असं म्हणून तरुणपणीच चर्चमधली रविवारची मिस्सा सोडली. सासू-सुना रोज संध्याकाळी त्यांच्यासाठी रोझरीची प्रार्थना म्हणायच्या. सर शेजारच्या खोलीत वाचत बसायचे. भांडण कधी झालं नाही. शेवटच्या दुखण्यात हेलनने एकच गोष्ट मागितली होती, "मला आयच्या जागेत ठेवा. तिच्याजवळ बरं वाटेल." सरांनी शब्द दिला होता.

ते दफनभूमीत पोहोचेपर्यंत मेणबत्त्या लागल्या होत्या. आळीतल्या रोझमेरी मावशी गुडघ्यांवर बसल्या होत्या. सरांना पाहताच त्या रडत रडत हसल्या.

"ये रे प्लासिड, ये. पुरावा दे, पुरावा दे म्हणून तुझ्या आयला पिडायचास ना? घे आता!"

सरांनी खड्ड्यात पाहिलं. मग वर्गात बोलायचे त्या आवाजात ते बोलले. "मावशी, तेव्हा जुलै होता. खड्ड्यात पाणी भरलं होतं. आय पाण्यात नको म्हणून मी वाडीतलं जाड काळं प्लास्टिक आणून पेटीला गुंडाळलं. हवा लागली नाही, ओल निघून गेली नाही. अशा वेळी चरबीचं मेण होतं. दुसरं काही नाही."

"काका," ॲलिस्टर हळूच म्हणाला, "प्लास्टिक नव्हतं."

"नीट बघितलंस?"

"हाताने माती काढली. कुजक्या फळ्या होत्या, खिळे होते. प्लास्टिक बिस्टिक काय नाय."

"अरे, प्लास्टिक कुजत नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

फादर ऑस्कर आले आणि त्यांनी सगळ्यांना फाटकाबाहेर काढलं. एके काळी ते सरांचे विद्यार्थी. धर्मगुरू व्हायला सेमिनरीत जाताना सरांनी त्यांना "एक चांगलं डोकं वाया गेलं" म्हणून निरोप दिला होता.

"सर, मला हा चमत्कार नकोय," फादर म्हणाले. "उद्या इथे जत्रा भरेल. नुसत्या ओल्या मातीतही असं होतं म्हणतात."

"मग शेजारची कबर? माती तीच, पाणी तेच. गेल्या वर्षी तुझ्यासमोरच उघडली. हाडं निघाली."

"तुम्ही कोणाच्या बाजूने बोलताय?"

सरांनी खड्ड्याच्या काठावरचं एक ढेकूळ पायाने मागे सारलं.

"कारण सापडलं नाही म्हणजे कारण नाही, असं होत नाही. हे तुम्हीच शिकवलंत," फादर म्हणाले. "बुद्धी देवाने दिली असं मी मानतो. ती वापरली म्हणून तो रागावेल, असं मला कधी वाटलं नाही. तुम्हालाच वाटायचं, की दोघांपैकी एकालाच घरात घेता येतं."

दुपारी बिशप हाऊसमधून कळवण्यात आलं की चौकशी होईपर्यंत कबरीला कोणी हात लावायचा नाही. हेलनला रोझमेरी मावशींनी आपल्या घराण्याच्या जागेत घेतलं. परक्यांच्या हाडांशेजारी. सरांनी मूठभर माती टाकली आणि खाली न बघता मागे सरकले.

दोन दिवसांनी फादर ऑस्कर घरी आले. "सर, पुरताना खड्ड्याशी होते त्यांतले तुम्हीच उरलात. प्लास्टिक होतं असं शपथेवर सांगा. पुढे कधी कोणी काढलं असेल, ते कोणी विचारणार नाही. प्रकरण मिटेल, आयला दुसरी जागा देता येईल, हेलनबाईंना त्यांची मिळेल."

"शपथ कशावर?"

"शुभवर्तमानावर हात ठेवून. तुमच्या लेखी ते नुसतं पुस्तक आहे. सोपं जाईल."

फादर गेल्यावर सरांनी आठवायला घेतलं. पाऊस आठवत होता. खांद्यावरची प्लास्टिकची गुंडाळी, तिचा ओला वास, दोरीचं दुसरं टोक धरलेली हेलन. मग फाटकाशी मुंबईचे नातेवाईक आले म्हणून कोणीतरी हाक मारली आणि ते गेले. परतले तेव्हा माती लोटून झाली होती. कबरीजवळ हेलन होती. ती काही बोलली होती का? "आयला मातीत ठेवायचं, पिशवीत नाय." हे वाक्य तिच्याच आवाजात त्यांच्या कानात होतं, पण ते तेव्हाचं की आत्ता मनाने रचलेलं, हे सांगता येत नव्हतं. तिनेच प्लास्टिक काढायला लावलं असेल, तर ते कुठे गेलं याचं उत्तर मिळत होतं. पण मग आईचे हात तसे का राहिले, याचं उत्तर जात होतं.

दिवेलागणीला त्यांनी रोजच्यासारखं वाचायला पुस्तक उघडलं. शेजारची खोली शांत होती. तरी ते मध्येच थांबत होते, रोझरीतला पहिला आवाज संपून दुसऱ्याने उत्तर द्यावं एवढा वेळ. दोनदा उठून त्यांनी दार उघडून पाहिलं. तिथे सासू-सुनांचे दोन पाट भिंतीला टेकवलेले होते. तिसऱ्यांदा ते उठले नाहीत, कारण आता ऐकू येऊ लागेल अशी भीती नव्हती. ऐकू येणं थांबेल अशी होती.

गुरुवारी सकाळी ते चर्चच्या कार्यालयात गेले. टेबलाच्या एका बाजूला फादर ऑस्कर, दुसऱ्या बाजूला बिशप हाऊसमधून आलेले एक वृद्ध धर्मगुरू. शुभवर्तमानावर हात ठेवून शपथेचे शब्द सरांनी न अडखळता म्हटले.

"आईच्या पेटीला प्लास्टिक गुंडाळलेलं होतं?" वृद्ध धर्मगुरूंनी विचारलं.

"मी आणलं होतं," सर म्हणाले.

"ते विचारलं नाही. पुरताना होतं?"

फादर ऑस्कर सरांकडे बघत राहिले आणि त्यांनी अगदी थोडी मान हलवली, हो म्हणा, अशी. बाहेर ॲलिस्टर थांबला होता. बाराची घंटा झाली. सरांचा हात पुस्तकावरच होता. त्यांनी तो काढला नव्हता, आणि उत्तरही दिलेलं नव्हतं.