एदेल्मिराचं घर सासरी जातं

ओतिलियाला बोट लागायची. बेटावर जन्मलेल्या बाईला बोट लागावी, याहून मोठी नामुष्की चिलीच्या दक्षिणेकडच्या चिलोए बेटांवर नाही. लहानपणी शेजारीपाजारी तिला हसायचे आणि आता तिची साठी उलटली तरी त्यांचं हसू काही ओसरलं नव्हतं. लग्न होऊन ती उत्तरेला वालपाराइसोत गेली, तिथेच रमली, तिथेच विधवा झाली. तेव्हापासून दर वर्षी उन्हाळा सरत आला की ती पिशवी भरायची आणि बसने किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे निघायची. वाटेत एकेका मैत्रिणीकडे मुक्काम, भरपूर खाणं आणि त्याहून भरपूर कुचाळक्या. सगळ्यात शेवटी गोळी गिळून, डोळे गच्च मिटून होडीत बसायचं, कारण सगळ्यात शेवटी एदेल्मिरा. तरुणपणी दोघी शिंपल्यांच्या कारखान्यात खांद्याला खांदा लावून शिंपले सोलायच्या. तेव्हापासूनची मैत्री.

यंदा ओतिलियाच्या मनात डाव होता. एदेल्मिराही आता एकटी. मग दोन म्हाताऱ्यांनी देशाच्या दोन टोकांना दोन चुली कशाला पेटवायच्या? वालपाराइसोच्या घरात तिने अर्धं कपाट रिकामं केलं होतं. नव्या हँगरची जोडी आणली होती आणि त्यातला एक, जाड लाकडाचा, पितळी आकड्याचा, पिशवीत घालून घेतला होता. तो एदेल्मिराच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, चल, याचा जोडीदार कपाटात वाट बघतोय. बसमध्ये रात्रभर ती हे वाक्य घोकत आली होती.

होडी टेकली आणि तिने डोळे उघडले, तर एदेल्मिराचं घर समोर किनाऱ्यावर उभं. म्हणजे टेकडीवरचं घर, खाली वाळूवर! पायाखाली ओंडके, कमरेला दोर, चहूबाजूंनी रिकामी पिंपं बांधलेली आणि छपरावर झेंडा. बाजूला बैल रवंथ करत होते आणि अख्खा गाव चिखल तुडवत होता.

“मिंगा!” ओतिलिया ओरडली. अख्ख्या गावाने मिळून एखाद्याचं घर उचलून न्यायचं, ही बेटांवरची जुनी रीत. “पण घर चाललं कुठे?”

“सासरी!” एदेल्मिरा बटाट्याच्या किसाने माखलेले हात तसेच घेऊन तिच्या गळ्यात पडली. “पलीकडच्या किनाऱ्यावर, रुपेर्तोकडे. तुला फोनवर मुद्दामच नाही सांगितलं. तुझं हे तोंड बघायचं होतं मला.”

रुपेर्तो होड्या बांधायचा आणि दर रविवारी खाडी ओलांडून एदेल्मिराकडे चहाला यायचा, एवढं ओतिलियाला ठाऊक होतं. तो चहा इतका कडक असेल याची कल्पना नव्हती.

“तो म्हणतो, होड्या सोडून येणार नाही. मी म्हटलं, मी घर सोडून येणार नाही. मग काय, बसलो नुसते चहा ढोसत. शेवटी गेल्या ईस्टरला म्हणाला, बये, मग घरच घेऊन ये की!” एदेल्मिरा हसता हसता वाकली. “मग काय, गावभर दारोदार विनवत फिरले. एकानेही नाही म्हटलं नाही.”

“अगं पण या वयात?”

“मग कधी? मेल्यावर?”

दोरांच्या गाठी तपासत असलेला म्हातारा रोसामेल तिकडून ओरडला. मिंगाचा मुकादम तोच. “तिची अट सांगा पाहुणीला! विस्तवाची!”

“सांगते ना. घाबरते का काय?” एदेल्मिराने पदरासारखा बांधलेला एप्रन झटकला. “माझ्या आईने पेटवलेली चूल आहे, ओती. मी एक दिवस विझू दिली नाही. बिडाची ती चूल सकाळीच होडीतून पलीकडे गेली, निखारे लोखंडी मडक्यात घेऊन मी जाणार. ते जिवंत पोचले तर उद्या लग्न. विझले तर आईची मर्जी नाही असं समजून घर परत ओढून आणणार.”

“आणेल हो ही बाई!” रोसामेल म्हणाला. “आणि बैल माझेच लावेल!”

सगळे खदाखदा हसले. ओतिलियाही हसली. पिशवीतला हँगर तिने आणखी खाली दाबला.

“तुझे डोळे बघ कसे झालेत. वर जाऊन पड,” एदेल्मिरा म्हणाली. “पलंग जिन्यातून उतरेना म्हणून तसाच ठेवलाय. भरतीला अवकाश आहे. मी उठवते तुला.”

ओतिलियाने होडीसाठी एक गोळी घेतलीच होती. दुःखाच्या भरात तिने आणखी एक घेतली आणि गोधडी डोक्यावर ओढून मेल्यासारखी झोपली.

तिला कुणी उठवलं नाही. खाली खड्ड्यात शिंपले, डुकराचं मांस आणि बटाटे मोठमोठ्या पानांखाली वाफत होते, सफरचंदाची दारू फिरत होती, अकॉर्डियन वाजत होतं. ओतिलिया कुठाय, असं एदेल्मिराने एकदा विचारलं. “जेवणाचा खड्डा जिथे, तिथे ओतिलिया,” कुणीतरी म्हणालं आणि ते सगळ्यांना पटलं. तेवढ्यात भरती आली, रोसामेलने शिट्टी मारली, बैलांनी घर पाण्यात ओढलं आणि मोटरबोटींनी दोर ताणले.

ओतिलियाला जाग आली. पलंग हलत होता. भूकंप असेल म्हणून ती निवांत पडून राहिली; त्या देशात भूकंपाला कोण भीक घालतो? पण हा भूकंप थांबेना. ती उठून खिडकीशी गेली. बाहेर समुद्र होता. दुसऱ्या खिडकीतूनही समुद्रच दिसला.

“अगं आई गं,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर डोकं काढून आधी ओकून घेतलं. घरात बसून बोट लागलेली ती बेटांवरची पहिलीच बाई असावी.

मग भिंत धरत ती जिन्यापाशी आली. खालची खोली पाण्याने अर्धी भरली होती आणि एक विसरलेली चप्पल ऐटीत पोहत होती. पाण्याच्या जेमतेम वरच्या पायरीवर लोखंडी मडकं होतं. तिने विचार न करता ते उचललं आणि वर आणलं. झाकण काढलं, राख बाजूला सारली. आत निखारे होते, पण मरायला टेकलेले.

बाहेरून भांडण ऐकू आलं. पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता.

“मडकं कुठाय?” ही एदेल्मिरा.

“तुझ्याकडे!” हा रुपेर्तो.

“माझ्याकडे? मी तुझ्या हातात दिलं ना!”

“मी जिन्याच्या पायरीवर ठेवलं, दोर धरायचा होता म्हणून! मला वाटलं, तू घेतलंस!”

“मला वाटलं, मला वाटलं! एवढी मोठमोठी जहाजं बांधतोस आणि एक मडकं सांभाळता येत नाही?”

ओतिलियाने मडक्याकडे पाहिलं. तिला काही करायचंच नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. निखारे आपोआप विझले असते, तिच्यावर बोट उठलं नसतं, तिचा डाव फत्ते झाला असता. एदेल्मिरा चार दिवस रडली असती, पाचव्या दिवशी वालपाराइसोच्या बसमध्ये बसली असती. ओतिलियाला ते हवं होतं. संध्याकाळी टेबलाशी समोर कुणीतरी हवं होतं, फार हवं होतं.

ती पुन्हा खिडकीशी गेली. पुढच्या बोटीत एदेल्मिरा उभी होती, शेजारी रुपेर्तो. भांडण संपलं होतं आणि तेच वाईट होतं, कारण गप्प बसलेली एदेल्मिरा ओतिलियाने आजवर एकदाच पाहिली होती, तिच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेत.

“घर मागे फिरवा,” एदेल्मिरा म्हणाली.

“मागे?” रोसामेल किंचाळला. “ओहोटी लागेल बाई! घर मधेच गाळात बसेल, मग राहा कालवांबरोबर!”

 रुपेर्तोने डोक्यावरची लोकरी टोपी काढली, छातीशी धरली आणि घराकडे बघत राहिला. त्याच्या टकलावर ऊन पडलं होतं.

“मेल्या, टोपी घाल, सर्दी होईल,” एदेल्मिरा हळूच म्हणाली आणि त्याच्या हातातली टोपी घेऊन स्वतःच त्याच्या डोक्यावर बसवली.

ओतिलियाने मोठ्याने एक शिवी हासडली. मग तिने खोलीभर लाकूड शोधलं. घर सगळं लाकडाचंच, पण मैत्रिणीचं घर जाळायचं कसं? पिशवी उघडून तिने हँगर काढला, गुडघ्यावर धरून कडाडकन मोडला, तुकडे निखाऱ्यांवर रचले आणि फुंकत सुटली. फुंकता फुंकता रडली, रडता रडता ठसका लागला, मधेच खिडकीशी जाऊन पुन्हा ओकून आली. लाकडावर पॉलिश होतं. धूर असा निघाला की विचारता सोय नाही.

“आग! घराला आग लागली!” बोटींवर एकच कल्ला झाला.

“लागली नाही, विझली नाही!” खिडकीतून डोकं बाहेर आलं. केस पिंजारलेले, नाक काळं, अंगात झोपायचा झगा. “मूर्खांनो, मडकं इथे आहे! आणि मीही आहे!”

 मग एदेल्मिरा अशी हसली की बोट एका बाजूला कलली आणि दोन माणसांनी तिला धरून ठेवलं. हसू एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर गेलं. अकॉर्डियनवाल्याने सूर धरला, रोसामेल टाळ्या पिटू लागला.

“ओती, उलटी झाली का गं?”

“आतड्यांसकट!”

पलीकडच्या किनाऱ्यावर बैलांनी घर वाळूवर घेतलं, तेव्हा पहिली बाहेर पडली ओतिलिया, मडकं पोटाशी धरून. तिने जमिनीवर पाय टेकले, जमिनीची पापी घेतली आणि मगच मडकं सोडलं.

चूल तिथे झाडाखाली मांडून ठेवलेलीच होती. एदेल्मिराने निखारे तिच्यात ओतले, तसं काहीतरी खणकलं. तिने चिमट्याने राखेतून पितळी आकडा उचलला, उलटासुलटा करून पाहिला.

“हे काय?”

“हँगर होता,” ओतिलिया म्हणाली. मग तिला वाटलं, आता कशाला लपवायचं. “तुझ्यासाठी आणला होता. अर्धं कपाट रिकामं केलंय मी. तुला न्यायला आले होते.”

एदेल्मिराचं हसू थांबलं.  तिने चुलीत लाकडं सारली, फुंकर घातली, ज्वाळा वर आल्याची खात्री केली. मग आकडा एप्रनमध्ये गुंडाळून उठली आणि रुपेर्तोच्या कमरेचा हातोडा ओढून घेतला.

“अगं, कुठे?” तो म्हणाला.

ती ओल्या घरात शिरली. आतून धाडधाड ठोकण्याचा आवाज आला. थोड्या वेळाने ती दारात येऊन उभी राहिली.

“ओती, ये. दाराजवळ ठोकलाय. तुझा कोट टांग.”

“आत्ता? ओला होईल गं तो तिथे.”

“होऊ दे. वाळला की मग निघायचं. इथे काही लवकर वाळत नाही.”