लाल काट्यावरचे चोवीस

"दुसऱ्या हातात द्यायच्या आधी लाल काटा शून्यावर आणायचा. विसरलीस तर गेलेला हात बोलेल, समोरचा नाही." नोकरी सोडताना, आधी हे काम करणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी नव्या तपासणाऱ्या ताईला हे दोनदा बजावलं होतं. "एवढं काय बाई त्यात!" ताई म्हणाली. मीही मनातल्या मनात हसलो.

मित्रांनो, मी एक जुना पकडमापक आहे. मुठीत किती जोर आहे, ते मी सांगतो. एका कारखान्यात माझी पोलादी मूठ घडली आणि माझ्या तबकडीवर दोन काटे बसले. मूठ दाबली की काळा काटा चढतो, सोडली की उतरतो. चढताना तो लाल काट्याला ढकलत नेतो आणि वरच सोडून येतो. माणूस उठून जातो, खुर्ची गार होते, तरी त्याचा जोर माझ्या चेहऱ्यावर तसाच उभा असतो.

दवाखान्यात माझ्याकडे येणाऱ्यांनी रॅकेट कधी धरलेली नसायची, तरी दुखण्याचं नाव टेनिस एल्बो. महिनोन् महिने कोपर ठणकायचं. डॉक्टर तीन इंजेक्शनांची तुलना करत होते: स्टेरॉइड, रुग्णाच्याच रक्तातून काढलेला द्रव आणि नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं ते कळू नये म्हणून रक्त सगळ्यांचंच काढायचे आणि सिरिंजवर कागद गुंडाळायचे.

"माझंच रक्त मलाच?" एक आचारी म्हणाला. "घरचंच जेवण डब्यात भरून आणल्यासारखं झालं की!"

कोणतं इंजेक्शन सरस, ते माझ्या आकड्यांवरून ठरायचं. "हा खोटं बोलत नाही," असं सगळे म्हणायचे. मला ते फार आवडायचं.

त्यांच्यात एक शिवणकाम करणारी बाई होती. कडेवर बाळ. इंजेक्शननंतर दीड महिन्यात तिचा हात छान सुधारला. सहा महिन्यांनी ती आली तेव्हा मात्र बाळ डाव्या कडेवर होतं.

"ताई, कपसुद्धा सुटतो हो हातातून."

"बघू या काटा काय म्हणतो."

आधी चांगला डावा हात. चोवीस किलो. तेवढ्यात फोन वाजला. ताई बोलत बोलत परत आली आणि तिनं मला तसंच बाईच्या दुखऱ्या उजव्या हातात दिलं. तिनं डोळे मिटून दाबलं. ती पकड मला आजही जाणवते. काळा काटा थरथरत सहावर गेला आणि पडला. लाल काटा चोवीसवरच होता.

"चोवीस! बऱ्या झालात की!"

"पण जोरच लागत नाही मला..."

"मनाचं असतं हो ते. काटा खोटं बोलेल का?"

"मग पिल्लूला अंघोळीच्या टबातून या हातानं उचलू?"

"खुशाल उचला."

मला ओरडायचं होतं. पण मला तोंड नाही, तबकडी आहे.

त्या चोवीसमुळे तिला दिलेल्या इंजेक्शनचं पारडं जड झालं. वर्षभरानंतरच्या शेवटच्या तपासणीला सगळे आले. ती आली नाही. तिचा फोन नुसता वाजत राहिला.

त्यानंतर भर दुपारी, खोलीत कोणी नसताना, माझी मूठ दाबली जाऊ लागली. काळा काटा सहापर्यंत जायचा, थरथरायचा, पडायचा. ताई लाल काटा शून्यावर आणून माझा डबा बंद करायची. उघडला की चोवीस. तिसऱ्यांदा तसं झालं तेव्हा तिनं त्या बाईचं कार्ड काढलं, बराच वेळ पाहिलं आणि परत ठेवलं. मग मला कपाटाच्या तळाशी ढकललं. तेव्हापासून मी तिथंच आहे. मूठ अजून दाबली जाते.

मित्रांनो, कोणी दुखतंय म्हणालं तर आधी त्याचं ऐका, मग काट्याकडे बघा. आणि माझं एक काम करा. तिच्या कार्डावरचा पत्ता मी पाहिलाय; मला जाता येत नाही, तुम्हाला येतं. पाण्याच्या टाकीमागच्या उताराच्या गल्लीत, तळमजल्यावर, शिलाई मशीनचा आवाज येतो का ऐका. येत नसला तर दार वाजवा. ती दारात आली, तर तिच्याआधी तिच्या कडेवर बघा.