जपमाळेवर भाजलेला केक

मित्रांनो, मी पत्र्याचा एक जुना ओव्हन आहे. ओव्हन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बटणे, दिवे आणि चकचकीत काच उभी राहिली असेल, तर ती आधी पुसून टाका. मला बटण नाही की वायर नाही. मी म्हणजे एक पत्र्याची पेटी. स्टोव्हवर ठेवायची, आत केकचे भांडे सरकवायचे, दार लावायचे आणि धीर धरायचा. यातले शेवटचे काम सगळ्यांत अवघड असते, हे मी अनुभवाने सांगतो.

बादल्या आणि नरसाळी करणाऱ्या एका कारागिराने मला ठोकून ठोकून घडवले. माझ्या दारावर उष्णता दाखवणारा काटा बसवायचे त्याच्या मनात होते. त्यासाठी त्याने भोकही पाडले, पण काटा काही मिळाला नाही. भोक तसेच राहिले. त्यातून केकचा वास बाहेर पडतो आणि घरातली मुले तिथे नाक लावून बसतात, म्हणून मला त्या उणिवेचे कधी वाईट वाटले नाही.

मालकीणबाईंच्या आईने मला लेकीच्या लग्नात भेट दिले आणि मी एका घड्याळजींच्या घरी आलो. काय सांगू तुम्हाला त्या घराची तऱ्हा! भिंतीवर, कपाटावर, खाटेखाली, जिकडे तिकडे लोकांची दुरुस्तीला आलेली घड्याळे. एक म्हणे दहा वाजले, दुसरे म्हणे सव्वाचार. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मालकीणबाईंनी पहिला केक त्यांतल्याच एका घड्याळाच्या भरवशावर भाजायला ठेवला. घड्याळ मध्येच झोपी गेले आणि केकचा कोळसा झाला.

त्या दिवसापासून त्यांनी घड्याळांचा नाद सोडला. केक आत गेला की त्या माझ्यासमोर स्टुलावर बसत, हातात जपमाळ घेत आणि एकेका मण्यावर शांतपणे प्रार्थना म्हणत. एक माळ पुरी झाली की भांडे फिरवायचे, दुसरी पुरी झाली की विणकामाची सुई केकमध्ये खुपसून पाहायची. सुई कोरडी निघाली की केक झाला.

घड्याळजी कपाळाला हात लावत. "अगं, घड्याळजीची बायको तू, आणि वेळ विचारतेस देवाला? लोक काय म्हणतील?"

"देवाचं घड्याळ दुरुस्तीला येत नाही ना, म्हणून," मालकीणबाई म्हणत.

या घरात नाताळची भेट विकत आणत नसत, भाजत. दूधवाला, शिंपीदादा, डॉक्टरीणबाई, वरच्या मजल्यावरचे आजोबा, सगळ्यांसाठी केक माझ्या पोटातून निघत आणि लाल फितीत बांधून घरोघरी जात. मान मात्र पहिल्या केकचा. तो आत्याचा. आत्या म्हणजे घड्याळजींची धाकटी बहीण. ती रुग्णालयात नर्स होती आणि रस्त्याच्या पलीकडे एका खोलीत एकटीच राहत होती. नाताळची गव्हाणी, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तिनेच मांडायची आणि जेवायलाही तिने इथेच यायचे, असा नेम होता. पोरांना आत्या आल्याशिवाय नाताळ आल्यासारखे वाटतच नसे.

पण आत्याच्या जिभेला हाड नव्हते. एका वर्षी नाताळच्या तोंडावर, चर्चच्या पायरीवर, चार बायकांत ती हसत हसत बोलून गेली, "आमच्या वहिनीचा केक खायचा, तर शेजारी पाण्याचा पेला हवाच हं!"

बायका हसल्या. मालकीणबाई हसल्या नाहीत. घरी येऊन त्यांनी माझ्यासमोरच भांडी आपटली. "नर्सबाईंना कोरडा लागतो ना माझा केक? मग या वर्षी मिळायचाच नाही!" हे पोरांच्या तोंडून पलीकडे पोहोचले. पलीकडून निरोप आला, की आत्याची नाताळच्या दिवशी ड्यूटी लागली आहे, तिची वाट पाहू नका. पोरांचे चेहरे एवढेसे झाले. गव्हाणीतले मेंढपाळ आणि मेंढरे खोक्यातच पडून राहिली. मला फार वाईट वाटले. माणसे दुरावली की घर कसे गार पडते, ते आमच्यासारख्या तापणाऱ्यांना लगेच कळते.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी घड्याळजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी हा माणूस कधी आवाज चढवत नसे, त्या दिवशीही चढवला नाही. "पहिला केक तिचा. माझ्या आईनं लावून दिलेली रीत आहे. तू भाज, मी नेऊन देतो."

मालकीणबाईंनी मुकाट्याने मनुका, संत्र्याची साल आणि अंडी घेतली, पण पीठ असे घोटले की भांड्याला घाम फुटावा. केक आत सरकवून त्या माळ घेऊन बसल्या. आणि मित्रांनो, माळ धावतच सुटली की हो! एका मण्यावर देवाचे नाव, दुसऱ्यावर नणंदेचे. 'पाण्याचा पेला म्हणे!' असे पुटपुटत तीन मणी एका दमात सरकले. बघता बघता दोन्ही माळा संपल्या. माझ्या पोटात केकची नुसती पाठ लाल झाली होती, मधोमध तो अजून डुचमळत होता. मी ओरडलो असतो, पण ओव्हनला दार असते, तोंड नसते. मालकीणबाईंनी सुई खुपसून पाहिलीच नाही. फीत बांधली आणि केक नवऱ्याच्या हातात ठेवला. घरच्यांसाठी लावलेल्या दुसऱ्या केकचीही तीच गत.

चहाच्या वेळी पोरांसाठी घरचा केक कापला, तर मधून ओघळ आला. मालकीणबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! तिकडेही असाच गेला असेल. आता ती काय बोलेल!" मग त्यांचे डोळे माझ्यावर खिळले. "हा डबाच कामातून गेलाय. उद्याचा सण झाला की भंगारवाल्याला देऊन टाका." मला गॅलरीत, केरसुणीच्या शेजारी नेऊन ठेवले. चोर सोडून संन्याशाला फाशी! इतकी वर्षे ज्या घराच्या भेटी भाजल्या, तिथेच अशी वेळ आली.

तेवढ्यात दार वाजले. दारात आत्या उभी होती आणि तिच्या हातात तो केक होता. आत्याने केक टेबलावर ठेवला.

"वहिनी, या वेळी पाण्याचा पेला नको," ती म्हणाली. "केकच पातळ झालाय."

मोठा पोरगा फिसकन हसला आणि आईकडे बघून गप्प बसला. मालकीणबाईंनी गॅलरीकडे बोट दाखवले. "ओव्हन बिघडलाय आमचा."

"ओव्हनला काही धाड भरली नाही. माझ्याकडे बघ. माळ किती पळवलीस?"

"तुला कोणी सांगितलं?"

"रोज माणसांच्या नाड्या बघते मी. धावलेली नाडी मला नाही कळणार?" आत्या बोलता बोलता थांबली आणि खुर्चीवर बसली. "एवढं लागलं होतं का गं तुला? चारचौघांत तसं बोलायला नको होतं मी. चुकलं माझं. आणि ड्यूटीबिटी काही नाही. खोटं सांगितलं होतं."

मालकीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "माळ सगळी म्हटली गं मी, पण प्रार्थना एकही झाली नाही. देवाला तरी काय ऐकू गेलं असेल?"

"माझं नाव तेवढं ऐकू गेलं असेल," आत्या म्हणाली, आणि दोघी रडता रडता हसू लागल्या.

मला गॅलरीतून परत आणले. घड्याळजींनी स्वतः फडक्याने पुसले. उरलेल्या मनुका, उरलेली अंडी गोळा करून तिसरा केक लावला आणि माझ्यासमोर एकाऐवजी दोन स्टुले आली. अर्धी प्रार्थना मालकीणबाईंनी म्हणायची, उरलेली अर्धी आत्याने. एक थांबल्याशिवाय दुसरीला सुरुवात करता येत नाही, त्यामुळे घाई करायची कुणाची टाप नव्हती. पलीकडच्या खोलीत पोरे गव्हाणी मांडत होती आणि मध्येच ओरडून विचारत होती, "आत्या, मेंढरं कुठल्या बाजूला?" सुई कोरडी निघाली. तसा केक माझ्या पोटातून त्याआधी कधी निघाला नव्हता.

त्याला आता पुष्कळ वर्षे झाली. घड्याळजींच्या सुनेने विजेचा ओव्हन आणला आहे. वेळ झाली की तो आपणहून घंटी वाजवतो. गुणी आहे, मी त्याला नावे ठेवत नाही. वर्षभर मी माळ्यावर असतो आणि नाताळ आला की मला खाली काढतात, कारण आत्याचा केक माझ्यातच व्हायचा असतो. मालकीणबाई आणि आत्या, दोघी म्हाताऱ्या झाल्या आहेत. एकीला कमी ऐकू येते, दुसरीला मध्येच दम लागतो. हा मणी झाला की राहिला, यावर त्यांचा वाद होतो आणि मग तो पुन्हा म्हटला जातो. माळ लांबत जाते आणि आत केकच्या कडा काळ्या होत जातात.

"आई, काढू का? करपतोय," सून विचारते.

"थांब गं, आत्याचं व्हायचंय अजून."

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना पुसून ठेवा, ओल लागू देऊ नका, एवढेच आमचे मागणे. काही बिघडले, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी आपल्या मनात काय धुमसते आहे तेही एकदा बघा. आणि कधी तुमच्या ताटलीत कड करपलेला केक आला, तर नाक मुरडू नका. तो भाजला जात होता, तेव्हा कोणीतरी कोणासाठी तरी थांबलेले होते.