मास्तरांनी पसंत केलेली भिंत

कापड गिरणीच्या रंगखात्यात ज्याने उभा जन्म काढला, अशा माणसाच्या घरात रंगाचं नाव घेणं धाडसाचं काम असतं. गिरणीत त्यांना शेड मास्तर, म्हणजे छटा जुळवणारे मास्तर, म्हणत. रंगवून आलेला कापडाचा तुकडा गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतो की नाही, हे मास्तर ठरवत. तिथला एक दंडक होता: मास्तर बोलेपर्यंत रंगाबद्दल कुणी ब्र काढायचा नाही. एकजण ‘जरा लालसर वाटतोय’ म्हणाला की पुढच्या सगळ्यांना तो लालसरच दिसू लागतो. दंडक शहाणपणाचा होता. निवृत्त होताना गिरणीने मास्तरांना भिंतीवरचं घड्याळ दिलं, आणि मास्तर सोबत हा दंडकही घरी घेऊन आले.

घरात आल्यावर तो जरा नासला. मास्तर एखादा शर्ट वर धरून विचारत, “सांग, कुठला रंग?” मुलगा म्हणे, निळा. “नुसता निळा? त्याला काही आईबाप आहेत की नाहीत?” सून नवी नवी असताना एकदा पडद्यांना पिवळे म्हणाली आणि ताटावरून उठेपर्यंत पिवळ्याचं अख्खं खानदान ऐकत बसली. तेव्हापासून नवराबायको दोघांचं उत्तर ठरलेलं असे: “तुम्हीच सांगा, बाबा.” यावरून पोरांना नजर नाही, असा मास्तरांनी निष्कर्ष काढला. पोरांना नजर होती, हौस तेवढी मेली होती. मास्तरांना तोंडावर ‘पुरे करा’ म्हणणारी एकच व्यक्ती होती, ती त्यांची बायको, आणि ती जाऊन बरीच वर्षं झाली होती.

आता खरी गोष्ट अशी की हल्ली मास्तरांनाच दिसेनासं झालं होतं. डोळ्यांपुढे कुणी तेलकट कागद धरावा तसं सगळं पिवळट आणि धूसर दिसे. हा मोतीबिंदू, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. पण तो शब्द ते मनातल्या मनातही घेत नसत. नजर एवढीच त्यांची इस्टेट. ती गेली असं घरात कळलं, तर आपण कोण उरतो? खुर्चीत बसवून ठेवायचा आणि वेळेवर चहा द्यायचा एक म्हातारा.  म्हणून ते पेपर तोंडासमोर धरून बसत आणि पान उलटण्याचं विसरत नसत.

अशात मुलासुनेने हॉल सजवायचं मनावर घेतलं आणि घरात सल्लागार बाई अवतरल्या. बाईंनी हॉलच्या मधोमध उभं राहून डोळे मिटले आणि म्हणाल्या, “हा हॉल बोलत नाही.”

“आम्ही तिघं चौघांएवढं बोलतो, त्यात त्याला कुठून जागा मिळणार,” मुलगा म्हणाला. बाई हसल्या नाहीत. त्यांचा विषय गंभीर होता.

“घराला पोत हवा,” त्या म्हणाल्या. “रंग नंतर. आधी पोत.” मग त्यांनी पिशवीतून नमुन्यांची रास काढली: ताग, लोकर, मखमल, खरबरीत गिलाव्याच्या चौकोनी पाट्या. मास्तरांचा चेहरा उजळला. अंगठा आणि बोटाच्या मधे एकेक तुकडा चोळत ते म्हणाले, “हा ताग एका धुण्यात आक्रसेल. ही लोकर बरी आहे. आणि ही मखमल नाही, मखमलीचं सोंग आहे.” तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या.

बाई भारावल्या. “मास्तर, तुम्ही तर बोटांनी बघता.”

मास्तर एवढे दचकले की लोकर हातातून पडली. बाईंना वाटलं, कौतुकाने संकोचले.

त्यानंतर रंगांची कार्डं निघाली. लाल, हिरवा असं आता कुणी म्हणत नाही, रंग ही भावना असते, असं बाईंनी समजावून सांगितलं. पहिल्या कार्डाचं नाव होतं ‘अबोल वाळू’, दुसऱ्याचं ‘पावसाआधीचा निःश्वास’ आणि तिसऱ्याचं ‘संध्येची हुरहूर’. नव्या जमान्याची एखादी गोष्ट मास्तरांना पटण्याची ती पहिलीच वेळ. रंगाचं नाव कुणी घेणारच नाही, याहून सोयीचं काय असणार? ते कार्डं घेऊन खिडकीशी गेले. उजेडाकडे पाठ केली, कार्ड तिरकं धरलं, एक डोळा बारीक केला, मान मागे घेतली. गिरणीतली सगळी पूजा जशीच्या तशी झाली, फक्त देव जागेवर नव्हता. वाळू त्यांना मळकट दिसली. निःश्वास धुवायला टाकलेल्या पंच्यासारखा दिसला. हुरहूर मात्र छान धुरकट, राखाडी, शांत.

“हा घ्या,” मास्तर म्हणाले. “अख्ख्या भिंतीला.”

मुलाने बायकोकडे पाहिलं. त्याचं तोंड उघडलं आणि सवयीने मिटलं. सून हळूच म्हणाली, “नक्की ना, बाबा?”

“मी काय म्हणालो?”

वाचकांपासून लपवून काय मिळणार? रंग जांभळा होता. साधासुधा नव्हे, अंगावर धावून येणारा. पिकलेल्या मोतीबिंदूची खोडच अशी की तो निळाजांभळा खाऊन टाकतो आणि माणसाच्या वाट्याला राख ठेवतो. त्यात बाईंनी पोताच्या हट्टापायी ओल्या गिलाव्यावर कंगवा फिरवून घेतला होता, त्यामुळे प्रत्येक रेघेच्या सावलीत जांभळा आणखी गडद झाला. रंगाऱ्याने डबा उघडल्यावर कार्ड पुन्हा मागून घेतलं, पाहिलं, आणि लोकांच्या घरात आपण कशाला बोला म्हणून कामाला लागला.

भिंत वाळल्यावर समोरचा साईच्या रंगाचा सोफा आजारी दिसू लागला. त्याच्यावर बसणारा माणूसही. बाई भिंत बघायला आल्या आणि दारातच थबकल्या. क्षणभर त्यांचा चेहरा अगदी तुमच्याआमच्यासारखा झाला. पण व्यवसाय तो व्यवसाय. “धाडस,” त्या म्हणाल्या, आणि फोटो काढू लागल्या. त्यांना वाटलं, एवढ्या मुरलेल्या माणसाने निवडलंय म्हणजे आपल्यालाच काहीतरी दिसत नसणार. मुलाला वाटलं, बाबा आणि बाई दोघंही म्हणतायत म्हणजे असेल. खालच्या मजल्यावरचे शेजारीही त्याच वेळी खास बघायला आले, मुलासुनेच्या, मग बाईंच्या तोंडाकडे बघून घेतलं, आणि हे काहीतरी वेगळंच आहे, असं म्हणाले. पुढे त्यांनी बाईंना बोलावून आपल्या झोपायच्या खोलीत तोच रंग लावून घेतला. हल्ली ते बैठकीत झोपतात, पण रंगाची तारीफ करतात.

मास्तर भिंतीसमोर खुर्ची टाकून बसत आणि येईल त्याला सांगत, “बघा, नजर टेकायला जागा झाली. धुरकट राखाडी, वर किंचित थंड झाक.” येणारा मान डोलवी. एवढ्या अधिकाराने सांगितल्यावर कोण वाद घालणार?

एका दुपारी सून स्वयंपाकघरात आईशी फोनवर बोलत होती. मुलगा कामावर गेला होता, घर शांत होतं, आणि मास्तरांचे कान शाबूत होते.

“हॉलमध्ये बसलं की डोकं ठणकतं गं माझं. मी हल्ली दिवासुद्धा लावत नाही तिथला… छे, त्यांना कसं सांगू? बाबांनी निवडलाय. ते कसे चुकतील? माझीच नजर फालतू असेल, नेहमीसारखी.”

मास्तरांच्या हातातला पेपर खाली आला. राखाडीने कुणाचं डोकं ठणकत नाही. ते उठून भिंतीपाशी गेले आणि तिच्यावरून हात फिरवला. बोटांना रेघा कळल्या, कंगव्याचे दाते कळले, कुठे हात जड पडलाय तेही कळलं. रंग मात्र बोटांना सांगता येईना. त्यांना भीती वाटली, साधी सरळ भीती.

सून चहा घेऊन आली. मास्तर भिंतीकडेच तोंड करून म्हणाले, “सूनबाई, ही भिंत कुठल्या रंगाची आहे?”

ती जागच्या जागी थांबली. मग पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं म्हणाली, “धुरकट राखाडी, बाबा. वर किंचित थंड झाक.”

“खरं सांग.”

“तुम्हीच सांगा ना, बाबा.”

मास्तरांना स्वतःचाच राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. चार माणसांच्या नव्हे, आपल्याच दोन माणसांच्या तोंडाला त्यांनी इतकी वर्षं कुलूप घातलं होतं, आणि आता खरं ऐकायची गरज त्यांनाच पडली होती.

“परीक्षा नाही घेत गं,” ते म्हणाले. “मला दिसत नाही.”

सुनेने चहा खाली ठेवला. 

“मला ती राखाडी दिसते,” मास्तर म्हणाले. “नाहीये ना?”

“नाही.”

“मग?”

“जांभळी आहे, बाबा.” ती सवयीने पुढच्या व्याख्यानाची वाट बघत राहिली. ते आलं नाही.

“फार?”

“फार.”

मास्तर खुर्चीत बसले.  सुनेने त्यांचा हात धरला आणि भराभर बोलू लागली. मोतीबिंदूच असणार, हल्ली लगेच काढतात, त्याच दिवशी घरी पाठवतात, उद्याच डॉक्टरांकडे जाऊ. “आणि तुमचं ऑपरेशन व्हायच्या आत मी भिंत पांढरी करून घेते. कशी होती ते तुम्हाला दिसणारसुद्धा नाही.”

“नको. असू दे तशीच. मला बघायची आहे.”

“वाईट वाटेल, बाबा.”

“वाटू दे. तुम्ही रोज बघताय, मी एकदा बघतो.”

सुनेने चहाचा कप त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, “बाईंना तरी सांगायला हवं. त्या स्वतःच्या ऑफिसला हाच रंग देतायत. तुमच्या डोळ्यांचं कळलं तर थांबतील.”

“माझ्या डोळ्यांचं कशाला सांगतेस?” मास्तर म्हणाले. “त्यांच्या डोळ्यांना काय झालंय?”